भिक्षू, ठसे आणि यंत्रमानव

दोस्तांनो, बौद्ध भिक्षू म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काषाय रंगाचं चीवर, हातात भिक्षापात्र, पाठीमागे पिंपळाचं झाड, मिटलेले डोळे आणि आजूबाजूला सगळं शांत शांत. बरोबर ना? आता या चित्रात एक संगणक आणून ठेवा. शेजारी एक यंत्रमानव उभा करा. आणि भिक्षूंच्या मांडीवर एक मोडका, बॅटरीवर चालणारा कुत्रा!

हसू आलं ना? पण यातलं एकही चित्र खोटं नाही. उलट जगात नवं तंत्र आलं की ते आधी उचलून पाहणाऱ्यांत बौद्ध भिक्षू पुष्कळदा पुढे होते. का? त्यांच्यासमोर एक फार अवघड काम होतं म्हणून. हजारो पानांचा मजकूर एकही अक्षर न गमावता जपायचं काम!

गौतम बुद्धांनी स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही. ते बोलत, शिष्य ऐकत आणि पाठ करत. तुम्हांला तीसपर्यंतचे पाढे पाठ करताना घाम फुटतो ना? या शिष्यांनी आपसांत कामच वाटून घेतलं होतं. लांब लांब सुत्तं पाठ करणारे ते दीघभाणक, मध्यम लांबीची पाठ करणारे ते मज्झिमभाणक. एकत्र बसून म्हणायचं, चुकलं की शेजाऱ्याने सांगायचं. जवळजवळ चारशे वर्षं हे सगळं साहित्य असंच माणसांच्या डोक्यात राहिलं. त्या काळची 'हार्ड डिस्क'च म्हणा ना!

पण या हार्ड डिस्कला भूक लागते. इसवीसनपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत मोठा दुष्काळ पडला, वर परचक्र आलं. भिक्षा कोण घालणार? भिक्षू कंदमुळं खाऊन जगले, कित्येक मेले. आणि प्रत्येक भिक्षूबरोबर त्याच्या डोक्यातला मजकूरही गेला. जुन्या पाली अट्ठकथांमध्ये (म्हणजे टीकाग्रंथांमध्ये) एक गोष्ट आहे. एक वेळ अशी आली, की 'महानिद्देस' नावाचा ग्रंथ संपूर्ण देशात फक्त एकाच भिक्षूला येत होता. आणि पंचाईत म्हणजे, तो भिक्षू वागायला मुळीच चांगला नव्हता! बाकीच्यांना त्याच्याकडे जायची लाज वाटे. शेवटी एका थोर भिक्षूला समजावून समजावून त्याच्याकडे धाडलं, तेव्हा कुठे तो ग्रंथ वाचला.

मग भिक्षूंनी ठरवलं, आता लिहून काढायचं. श्रीलंकेत मातळेजवळ अलुविहार नावाचं ठिकाण आहे. तिथल्या खडकांतल्या गुहांमध्ये बसून त्यांनी त्रिपिटक ताडपत्रांवर उतरवलं. लिहिणं म्हणजे आपल्याला काही विशेष वाटत नाही, पण पाठांतराची सवय असलेल्या लोकांना ते केवढं नवं तंत्र वाटलं असेल! ताडाचं पान वाळवायचं, टोकदार सळईने त्यावर अक्षरं कोरायची आणि वरून काजळी चोळायची, म्हणजे ओरखड्यांत काळं भरतं आणि अक्षर दिसू लागतं. फक्त एक अडचण. पान दमट हवेत सडतं, वाळवी खाते. म्हणजे काही वर्षांनी पुन्हा नवी प्रत काढा, पुन्हा कोरा!

ब्रह्मदेशच्या म्हणजे आजच्या म्यानमारच्या मिंडॉन राजाला वाळवीवर एक झकास उपाय सुचला. त्याने ग्रंथ संगमरवरावरच कोरून घेतला! मंडालेच्या कुथोडॉ पॅगोड्याभोवती अशा ७२९ शिळा उभ्या आहेत आणि प्रत्येक शिळेला राहायला स्वतंत्र पांढरा छोटा स्तूप आहे. १८६० ते १८६८ अशी आठ वर्षं हे काम चाललं. या पुस्तकाचं पान उलटायचं नसतं, आपणच पानापासून पानापर्यंत चालत जायचं असतं. हे मंडाले गाव लक्षात ठेवा हं, त्याचा आणि आपल्या महाराष्ट्राचा संबंध पुढे येणार आहे.

दगडाला वाळवी लागत नाही हे खरं, पण दगड घरोघर वाटता येत नाही. चीन, जपान आणि कोरियातल्या लोकांना तर प्रती वाटायच्याच होत्या, कारण धर्मग्रंथाच्या प्रती करणं आणि वाटणं म्हणजे पुण्य, अशी त्यांची श्रद्धा. मग हाताने एकेक प्रत लिहीत बसण्यापेक्षा लाकडावर मजकूर उलटा कोरून, शाई लावून, कागदावर दाबला तर? एका कोरीव फळीतून हजार प्रती! म्हणून तर आठव्या शतकात जपानच्या सम्राज्ञी शोतोकू हिने दहा लाख चिमुकले लाकडी पॅगोडे बनवून घेतले आणि प्रत्येकात छापील मंत्राची एक सुरळी घालून ते देवळांना वाटले. दहा लाख! त्यांतले कितीतरी होर्यूजीच्या मठात अजून पाहायला मिळतात.

आणि जगातलं तारीख घातलेलं सर्वांत जुनं, संपूर्ण छापील पुस्तक कोणतं, ठाऊक आहे? ते बौद्ध पुस्तक आहे. 'वज्रच्छेदिका' या मूळ संस्कृत सूत्राचं चिनी भाषांतर. चीनमधल्या तुनह्वांग इथल्या बंद करून टाकलेल्या एका गुहेत ते सापडलं, १९०७ साली ऑरेल स्टाइन ते घेऊन गेला आणि आता ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पाच मीटरांहून लांब गुंडाळी आहे ती. शेवटी छापलं आहे, की वांग च्ये नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या वतीने हे सर्वांना फुकट वाटण्यासाठी करवून घेतलं. आणि त्यावर तारीख आहे ती आपल्या हिशेबाने ११ मे ८६८. युरोपात गुटेनबर्गने बायबल छापलं ते १४५५च्या सुमारास. वजाबाकी तुम्हीच करा!

आता या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगते. ती आहे दक्षिण कोरियातल्या हेइन्सा मठाची.

तेराव्या शतकात मंगोल सैन्य कोरियात घुसलं. १२३२ साली त्यांनी तिथल्या बौद्ध ग्रंथांचे लाकडी ठसे जाळून टाकले. कित्येक वर्षांची मेहनत, सगळी राख! राजा बेटावर पळालेला, देश होरपळलेला. अशा वेळी लोकांनी काय करावं? त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा कोरायला घेतलं. झाडं तोडून, लाकूड मिठाच्या पाण्यात मुरवून, उकडून, सावलीत वाळवून फळ्या तयार केल्या, असं सांगतात. मग कोरणं सुरू झालं. ते संपलं तेव्हा ८१,२५८ ठसे तयार होते, दोन्ही बाजूंनी कोरलेले. सव्वापाच कोटींच्या आसपास अक्षरं, आणि तीही सगळी उलटी, आरशातल्यासारखी! आणि तरीही चुका इतक्या कमी, की अभ्यासक आजही तोंडात बोटं घालतात.

हे ठसे पंधराव्या शतकापासून हेइन्साच्या लाकडी कोठारांत मांडलेले आहेत. ही कोठारं म्हणजे एक यंत्रच आहे, फक्त त्याला बटण नाही. समोरच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान. मागच्या भिंतीत उलट, वरच्या मोठ्या आणि खालच्या लहान. त्यामुळे वारा पुढून खालून शिरतो, सगळ्या फडताळांमधून फिरतो आणि मागून वरून निघून जातो. जमिनीत मातीबरोबर कोळसा, मीठ, चुना आणि वाळू घालून ती चोपलेली आहे. पावसाळ्यात जमीन ओल शोषते, कोरड्या दिवसांत परत सोडते. पंखा नाही, वीज नाही, काही नाही. १९७०च्या दशकात सरकारने ठशांसाठी एक नवीकोरी आधुनिक इमारत बांधली. काही ठसे तिथे ठेवून पाहिले, तर त्यांना बुरशी धरायला लागली! गपचूप ते परत जुन्या कोठारात आणले. (नवं ते सगळं चांगलं आणि जुनं ते सगळं टाकाऊ म्हणणाऱ्यांना ही गोष्ट जरूर ऐकवा.)

पण या ठशांवरचं सर्वांत मोठं संकट १९५१ साली आलं. कोरियन युद्ध चालू होतं. हेइन्साच्या परिसरात शत्रूचे गनिमी सैनिक लपले होते. विमानांना हुकूम आला, मठावर बॉम्ब टाका. तुकडीचा प्रमुख होता वैमानिक किम यंग-ह्वान. त्याने खाली पाहिलं. तिथे काय आहे हे त्याला माहीत होतं. त्याने आपल्या वैमानिकांना सांगितलं, बॉम्ब टाकायचे नाहीत. युद्धात हुकूम मोडणं म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. विमानं मठावरून तशीच पुढे गेली. सातशे वर्षांची मेहनत एका माणसाच्या 'नाही'ने वाचली. मठाच्या जवळ त्याचं स्मारक आहे.

पुढे १९९०च्या दशकात याच मठाच्या भिक्षूंनी ही सगळी अक्षरं संगणकात भरायला घेतली. कितीतरी जुनी अक्षरं संगणकाला येतच नव्हती, ती नव्याने घडवावी लागली. म्हणजे एका अर्थी पुन्हा कोरणंच की!

आता येऊ या आपल्याकडे. गोव्यातल्या सांखवाळ गावचा एक मुलगा. नारळी-पोफळीच्या बागेत राबणारा, शाळेचं शिक्षण फारसं न मिळालेला. त्याने बुद्धांची माहिती पहिल्यांदा कुठे वाचली असेल? 'बालबोध' नावाच्या मुलांच्या मासिकात! तो लेख त्याच्या मनात असा काही घर करून बसला, की पुढे तो घरदार सोडून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया करत, पुष्कळसं पायीच, अर्धपोटी. बुद्धवचन मूळ पाली भाषेत वाचायला भारतात कुणी शिकवीना, म्हणून १९०२ साली तो श्रीलंकेत पोहोचला. हेच पुढचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी. त्यांचं 'निवेदन' हे आत्मचरित्र मिळालं तर वाचा, एखाद्या साहसकथेसारखं आहे.

कोसंबींना जे ग्रंथ पाहायला समुद्र ओलांडावा लागला, ते आज सांखवाळचा कोणताही मुलगा घरबसल्या उघडू शकतो, तेही देवनागरीत. हे ज्या ठिकाणांमुळे शक्य झालं त्यांतलं एक नाशिक जिल्ह्यातलं, आपलं इगतपुरी. आणि इथे मंडाले परत येतं बरं का! सत्यनारायण गोयंका यांचा जन्म त्याच मंडालेतला, १९२४ सालचा. दगडी पुस्तकाच्या गावचा मुलगा! त्यांनी इगतपुरीला सुरू केलेल्या 'धम्मगिरी' या केंद्रात १९७६पासून विपश्यनेची शिबिरं होतात. १९८५मध्ये तिथे विपश्यना विशोधन विन्यास ही संशोधन संस्था निघाली. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला अडीच हजार भिक्षूंनी एकत्र बसून त्रिपिटकाचा शब्दन् शब्द तपासला होता, त्याला सहावी संगीती म्हणतात. (ही संगीती चालू असतानाच, डिसेंबर १९५४मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. बाबासाहेबांनी पाली शब्दकोशाचं कामही हाती घेतलं होतं, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं?) संगीतीत तपासलेला तोच मजकूर इगतपुरीच्या संस्थेने देवनागरीत छापला, १४० खंड! आणि १९९०च्या दशकात तो सगळा मजकूर एका सीडीवर बसवला.

सीडी म्हणजे ती चकचकीत तबकडी. आईबाबांच्या कपाटात एखादी असेल, मागून पाहा. तिच्या छिद्रात करंगळी घालून कुणीही फिरवू शकेल एवढीशी ती, आणि त्यात १४० खंड! गंमत म्हणजे पालीला स्वतःची अशी लिपीच नाही. श्रीलंकेत ती सिंहलीत लिहितात, थायलंडमध्ये थाय लिपीत, म्यानमारमध्ये बर्मीत. या सीडीत एक कळ दाबली की तेच पान देवनागरीतून थाय लिपीत, थाय लिपीतून रोमन लिपीत. कोलंबोचा भिक्षू आणि कोल्हापूरची विद्यार्थिनी एकच ओळ आपापल्या अक्षरांत वाचू शकतात. पुढे हे सगळं इंटरनेटवर आलं, आणि फुकट. वांग च्येने ८६८ साली केलं तेच, नाही का?

पण याच धम्मगिरीत दहा दिवसांच्या शिबिराला गेलात तर दारातच काय करावं लागतं, माहीत आहे? मोबाइल जमा! वही-पेनसुद्धा जमा. शिबिरात एकमेकांशी बोलायचं नाही. ज्या संस्थेने त्रिपिटक संगणकात घातलं, तिच्याच अंगणात फोनला बंदी. हा विरोधाभास वाटेल, पण मला तसं वाटत नाही. तांदूळ साठवायला कोठी हवी, म्हणून कुणी कोठीतच बसून जेवत नाही. ग्रंथ जपायला यंत्र कामाचं. मात्र स्वतःच्या मनाकडे पाहायला बसलात की यंत्र मध्ये लुडबुड करतं. मुलांसाठी असतं ते 'आनापान', म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं लक्ष ठेवायचं. सोपं वाटतं ना? घड्याळ लावून दोन मिनिटं करून पाहा, मन कुठे कुठे हुंदडून येतं ते कळेल.

जपानी लोकांचं यंत्रांशी वेगळंच नातं आहे. आपण खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतो, दसऱ्याला सायकलला झेंडूची माळ घालतो. जपानमध्ये ८ फेब्रुवारीला कित्येक देवळांत मोडक्या सुयांचा निरोप समारंभ असतो. वर्षभर कठीण कापडातून गेलेली सुई, म्हणून तिला शेवटी मऊमऊ टोफूत टोचून विश्रांती द्यायची! मग जिथे सुईला निरोप, तिथे यंत्राच्या कुत्र्याला का नाही? सोनी कंपनीने १९९९ साली 'आयबो' नावाचा यंत्रकुत्रा काढला. पहिले ३,००० कुत्रे जपानमध्ये वीस मिनिटांत खपले. म्हातारी माणसं त्याच्याशी गप्पा मारू लागली. २००६मध्ये कंपनीने तो बनवणं बंद केलं आणि २०१४मध्ये दुरुस्तीही. आता आजारी कुत्र्याचं काय करायचं? काही जुने तंत्रज्ञ दुरुस्त करत, पण सुटे भाग कुठून आणणार? बंद पडलेल्या दुसऱ्या कुत्र्यांमधूनच. मात्र ते भाग काढण्याआधी इसुमी गावच्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात त्यांचे रीतसर अंत्यविधी होऊ लागले. ओळीने बसवलेले कुत्रे, प्रत्येकाच्या गळ्यात घरच्यांच्या नावाची चिठ्ठी, समोर उदबत्ती आणि सूत्रं म्हणणारे भिक्षू. २०१८पर्यंत अशा सुमारे ८०० कुत्र्यांना निरोप दिला गेला. काही चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असे, की याचे भाग दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येऊ देत. याला हसायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी तरी हसले नाही.

क्योटोच्या कोदाइजी मंदिराने तर २०१९मध्ये कमालच केली. करुणेची देवता कान्नोन हिच्या रूपात चक्क यंत्रमानव उभा केला. नाव 'मिंदार'. उंची १९५ सेंटीमीटर, चेहरा आणि हात मऊ सिलिकोनचे, बाकी अंग ॲल्युमिनिअमचं, तारा सगळ्या उघड्या. ओसाका विद्यापीठातले यंत्रमानवतज्ज्ञ हिरोशी इशिगुरो यांच्या मदतीने तो बनला. तो हात जोडतो आणि 'हृदयसूत्रा'वर प्रवचन देतो. कुणाला भारी वाटला, कुणाला भयंकर, विशेषतः परदेशी पाहुण्यांना. मला विचाराल तर यंत्र ठरलेलं प्रवचन म्हणतं ते आपल्या टेपरेकॉर्डरसारखंच, फक्त त्याला मान हलवता येते. प्रवचन ऐकून कुणी रडायला लागलं, तर भिक्षू थांबून जवळ बसतो. मिंदार पुढचं वाक्य म्हणतो.

शेवटी एका व्हिएतनामी भिक्षूंची ओळख करून देते, थिच न्हात हान्ह यांची. व्हिएतनाममधल्या युद्धाला विरोध केला म्हणून त्यांना मायदेशी परतू देईनात. मग १९८२ साली त्यांनी फ्रान्समध्ये 'प्लम व्हिलेज' नावाचा मठ काढला. २०२२मध्ये, पंचाण्णव वर्षांचे असताना, मायदेशीच त्यांचं निधन झालं. त्यांच्या मठात घंटा वाजली की सगळे होते तिथे थांबतात. बोलणं अर्धवट, पाऊल अर्धवट. तीन श्वास घ्यायचे आणि मग पुढे. भिंतीवरचं घड्याळ वाजलं तरी तेच. आणि फोन वाजला तरी तेच! ते म्हणत, फोनची घंटा म्हणजे देवळाची घंटा समजा. वाजली रे वाजली की धावायचं नाही. पहिल्या घंटीला शांत श्वास, दुसरीला आणखी एक आणि तिसरीला उचलायचा. पलीकडच्याला ही पद्धत माहीत असेल तर आणखी मजा, कारण तोही तिकडे श्वास घेत थांबलेला असतो. म्हणजे बोलणं सुरू होण्याआधीच दोघेही शांत! २०१३मध्ये ते गूगल कंपनीच्या कचेरीत गेले, तिथल्या संगणकवाल्यांनाही त्यांनी हेच शिकवलं. कंपन्या असलं ध्यान लोकांनी जास्त काम करावं म्हणूनच शिकवतात, अशी टीकाही होते, आणि ती अगदीच चूक नाही.

तर एक प्रयोग. येत्या रविवारी दिवसभर घरातला कुठलाही फोन तिसऱ्या घंटीआधी उचलायचा नाही. आईबाबांनीसुद्धा! संदेश आल्याची टिंग वाजली तरी आधी तीन श्वास. कोण कितव्या फोनला हरलं, त्याचा कागदावर हिशेब मांडा आणि आम्हांला कळवा. आजोबा जिंकले तर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात लिहा.